अवजलाच्या नद्या: भोईवाड्यापासून साज्यापर्यंत

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील नद्या पावसाळ्यात दुथडी भरून वाहतात आणि शिमगा जवळ येईपर्यंत त्यांतील बहुतेकींच्या पात्रात काळा कातळ आणि मधूनमधून साचलेले डोह एवढेच उरते. हिमालयात वसंतात बर्फ वितळू लागते व गंगेसारख्या नद्यांना पाणी चढते, तशी सोय कोकणात नाही. त्यामुळे फाल्गुन-चैत्रात परळ-भोईवाड्यातील एखाद्या कुटुंबाला फेसाळत्या पाण्यात कयाक घालायची इच्छा झाली, तर त्याला अवजलावर वाहणाऱ्या मोजक्या नद्यांकडेच वळावे लागते. अवजल म्हणजे वीजगृहातील टर्बाइन फिरवून झाल्यावर बाहेर सोडले जाणारे पाणी. अशा एका कुटुंबाने शिमग्याला चिपळूणजवळच्या गावी जाताना उल्हास, पाताळगंगा, कुंडलिका आणि वाशिष्ठी या चार नद्यांची वाट धरली, त्या प्रवासाचे हे वर्णन आहे.

या वाटेचा आणि भोईवाड्याचा संबंध केवळ गावी जाण्यापुरता नाही. भोईवाडा हा मुंबईच्या गिरणगावाचा, म्हणजे कापडगिरण्यांच्या वस्तीचा, भाग. येथील चाळींतून राहणारे कोकणी व घाटी कामगार ज्या कापडगिरण्यांत तिन्ही पाळ्यांना राबले, त्या गिरण्यांना कोळशाच्या धुराऐवजी विजेवर चालवण्यासाठीच टाटांनी घाटमाथ्यावर पाणी अडवले. खोपोलीचे वीजगृह १९१५ साली, भिवपुरीचे १९२२ साली आणि भिऱ्याचे १९२७ साली सुरू झाले. तिन्ही ठिकाणी रचना सारखीच आहे: पूर्वेकडे वाहणारे पाणी माथ्यावरील तलावांत साठवायचे, पोलादी नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात सोडायचे आणि वीज काढून झाली की जवळच्या नदीत वाहू द्यायचे. कुटुंबातील आजोबांनी एका गिरणीच्या साचा खात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, उमेदीची वर्षे घालवलेली असल्याने वाटेवरच्या त्या नळांकडे त्यांचे लक्ष नातवंडांपेक्षा अधिक होते, हे स्वाभाविकच म्हणावे लागेल.

पहिल्या दोन नद्यांवर थांबण्यासारखे फारसे नव्हते. भिवपुरीचे अवजल उल्हास नदीला मिळते आणि कर्जतपासून कल्याणपर्यंतच्या गावांची उन्हाळ्यातील तहान मोठ्या प्रमाणावर त्यावर भागते. खोपोलीचे अवजल पाताळगंगेत उतरते आणि खाली रसायनीच्या कारखान्यांच्या पट्ट्याकडे जाते. दोन्ही नद्या मार्चमध्येही वाहत्या असतात, परंतु त्यांच्यावर नागरी व औद्योगिक पाणीपुरवठ्याचा भार इतका आहे की हौशी होडीवाल्याने तेथे लुडबूड न केलेलीच बरी. खोपोलीहून पाली आणि वाकण या मार्गाने गाडी मुंबई-गोवा महामार्गाला लागली आणि कोलाडला डावीकडे वळून साजे गावाकडे गेली.

कुंडलिकेचे पाणी मुळशीचे आहे. मुळा नदीवरील मुळशी धरणाचे पाणी भिऱ्याला उतरते, तेथून खालच्या लहान धरणात थांबते, राज्य शासनाच्या दुसऱ्या वीजगृहातून पुन्हा एकदा वीज देते आणि मग कुंडलिकेत येते. येथे मार्चमध्ये खळाळते पाणी दिसते ते या दुहेरी कष्टानंतरच. म्हणून येथील होडीचे वेळापत्रक ऋतू ठरवत नाही, विजेची मागणी ठरवते. पाणी बहुधा सकाळी सोडले जाते. साज्याच्या काठावर उभे राहिले असता प्रथम काहीच घडत नाही. मग दगडांच्या कोरड्या, पांढुरक्या अंगावर ओली रेघ चढू लागते, रात्रभर डबक्यात साचलेला पालापाचोळा आणि काटक्या एकदम हलतात, पाणी थोडा वेळ गढूळ राहते आणि पाहता पाहता हिरवट, थंड प्रवाह काठाला भिडतो. आजोबा काठावरच थांबले. चौदा वर्षांखालील मुलांना येथे सहसा पाण्यात घेत नाहीत, त्यामुळे धाकट्या नातवालाही त्यांच्याजवळ बसावे लागले, आणि त्याचा रुसवा नदीपेक्षा जास्त वेळ टिकला.

कयाक ही एक किंवा दोन माणसांची अरुंद होडी असून तिचे वल्हे दोन्ही टोकांना पाते असलेले असते. नवख्या कुटुंबांना हवा भरलेली, रुंद बुडाची कयाक दिली जाते, कारण ती सहजासहजी उलटत नाही आणि दगडावर आपटली तरी फुटत नाही. फेसाळत्या पाण्याची अवघडपणानुसार एक ते सहा अशी आंतरराष्ट्रीय श्रेणी लावतात. कुंडलिकेचा साजे ते कामथ हा सुमारे बारा-तेरा किलोमीटरचा टप्पा दोन ते तीन या श्रेणीत मोडतो, म्हणजे लाटा खऱ्या असतात, पण शिकाऊ माणसाला चुकायला जागा असते. मोठ्या दगडाच्या मागे पाणी उलट्या दिशेने फिरते. वाटाडे त्याला ‘एडी’ म्हणतात आणि दम खायला, मागच्यांची वाट पाहायला तेथेच थांबतात. त्या संथ जागेतून मुख्य धारेत शिरतानाच खरी परीक्षा असते. नवख्या माणसाचे अंग येणाऱ्या पाण्यापासून दूर झुकण्याऐवजी त्याच्याकडे झुकते, येणाऱ्या पाण्याकडची कड पाण्याखाली जाते आणि होडी क्षणात पालथी होते. म्हणून शरीर प्रवाह जिकडे जातो तिकडे कलते ठेवून पहिला वल्ह्याचा फटका जोरात मारायचा, हे वाटाड्याने कुटुंबातील आईला काठावर चार वेळा करून दाखवले. तरीही ती पहिल्याच धारेत पडली, परंतु सांगितल्याप्रमाणे पाठीवर तरंगत, पाय प्रवाहाच्या दिशेला धरून गेली आणि उभी राहण्याचा प्रयत्न तिने केला नाही. वेगवान पाण्यात पाय टेकला तर तो दगडांच्या फटीत अडकतो आणि पाण्याचा दाब माणसाला खाली लोटतो. कंबरभर पाण्यातही माणसे बुडतात ती याच कारणाने, आणि लाइफ जॅकेट घालण्याइतकाच हा नियम पाळणे आवश्यक आहे.

ज्या पाण्यावर ही मौज होते त्याची किंमत मुळशीच्या मावळ्यांनी मोजली, याचा उल्लेख कोलाडच्या जाहिरातींत आढळत नाही. १९२१ सालच्या रामनवमीला धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला, त्याचे नेतृत्व केल्यामुळे पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ हे बिरुद मिळाले, आणि तरीही धरण झाले व गावे पाण्याखाली गेली. गिरण्यांच्या विजेसाठी बुडालेल्या त्या खोऱ्याबद्दल गिरणगावातील नव्या पिढीला माहिती असावी, अशी अपेक्षा अवाजवी नाही.

कामथनंतरचे पाणी डोलवहाल बंधाऱ्यावर अडवले जाते आणि तेथून शेतीकडे व रोह्याच्या औद्योगिक वसाहतीकडे वळते. पुढचा मुक्काम चिपळूणचा होता. कोयना वीजप्रकल्पाचे अवजल वाशिष्ठीत येते, त्यामुळे ही नदीही उन्हाळ्यात भरलेली दिसते. मात्र तिच्या खाडीत मगरी आहेत आणि त्या पाहण्यासाठी होड्या भाड्याने मिळतात. त्यामुळे कुटुंबाने येथे कयाक न उतरवता काठावरून पाहणेच पसंत केले आणि पालखी नाचवण्याच्या वेळेला गाव गाठले.

मुळशीचे पाणी कोकणात न सोडता पूर्वेकडे, भीमेच्या खोऱ्यात वळवावे, अशी मागणी पुण्याकडून वारंवार होत आली आहे. ती मान्य झाल्यास शेतीला आणि कारखान्यांना काहीतरी पर्यायी पाणी शोधले जाईल. साज्याच्या होड्यांसाठी ते कोणी शोधणार नाही. तोवर ज्यांना जायचे आहे त्यांनी निघण्याच्या आदल्या दिवशी पाणी सुटणार आहे का, हे काठावरच्या आयोजकाला फोन करून विचारावे, कारण वीजगृह बंद असेल त्या दिवशी कुंडलिकेत कयाक तरंगण्याइतकेही पाणी नसते.