झुफेनहाउझेन ते बोलिंग ग्रीन

स्टुटगार्टच्या झुफेनहाउझेन भागात गाडीतून उतरलं की तीन खांबांवर तोललेली एक प्रचंड पांढरी इमारत दिसते. २००९ साली उघडलेलं हे पोर्शेचं संग्रहालय, कारखानाही शेजारीच. यांच्या कामानिमित्त आमचा चार दिवस तिथे मुक्काम होता. पुढे अमेरिकेत लुईव्हिलला, धाकट्या दिरांकडे जायचं होतं. भाऊजींना जुनी स्पोर्ट्‌स कार घ्यायची आहे : १९९९ ची पोर्शे ९११, नाहीतर त्याच साली निघालेली शेव्हरोलेची कॉर्व्हेट. "दोन्ही नीट पाहून ठेवा," असं जाऊबाईंनी मला फोनवर बजावलं होतं. पुरुष वेग बघतात. दुरुस्तीची बिलं कुणाला दिसतात, ते मैत्रिणींनो, तुम्हाला सांगायला नको!

९११ पहिल्यांदा दिसली १९६३ साली, फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, सहा सिलिंडर आडवे निजलेले. १९९८ पर्यंत ते हवेवर थंड होई, मग पाणी आलं. ९९ च्या गाडीचं इंजिन अवघं ३.४ लिटरचं, पण ताकद ३०० अश्वशक्ती! चोवीस व्हॉल्व्ह, चार कॅमशाफ्ट, मिनिटाला सात हजारांवर फेरे. लहान कुकरात लग्नाचा स्वयंपाक उरकावा, तसा प्रकार. त्याला कारणही आहे. ऑटोबानवर कित्येक ठिकाणी वेगमर्यादाच नाही. ताशी दोनशेने पळत राहायचं तर तेल, ब्रेक, थंडावा सगळं नेमकं हवं. हा नेमकेपणा सांभाळायला खर्चही तसाच येतो. पाण्यावर थंड होणाऱ्या त्या पहिल्या इंजिनांत मधल्या शाफ्टचं बेअरिंग कच्चं निघालं. सगळ्यांचंच तुटतं असं नाही, पण तुटलं की अख्खं इंजिन गेलं; आणि आधीच बदलून घ्यायचं तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

लुईव्हिलहून दोन तासांवर बोलिंग ग्रीन. १९८१ पासून सगळ्या कॉर्व्हेट इथेच तयार होतात. इथली जमीन चुनखडीची, पोटात गुहाच गुहा. १२ फेब्रुवारी २०१४ च्या पहाटे तिथल्या कॉर्व्हेट संग्रहालयाची फरशी खचली आणि आठ गाड्या सुमारे तीस फूट खोल खड्ड्यात गेल्या. पाचांचा चेंदामेंदा तसाच मांडून ठेवलाय. बघून पोटात कालवतं. पण २००९ ची निळी झेडआर-वन क्रेनने वर काढली, जराशी खटपट केली, तर ती चक्क सुरू झाली आणि आपल्या चाकांवर बाहेर आली!

भाऊजींच्या मनातल्या कॉर्व्हेटचं इंजिन ५.७ लिटरचं, ३४५ अश्वशक्तीचं. व्हॉल्व्ह सोळाच, कॅमशाफ्ट एकच, तोही इंजिनाच्या पोटात. तिथून दांड्या व्हॉल्व्ह उघडतात. शेव्हरोलेने ही मांडणी १९५५ पासून जपली आहे. जुनाट म्हणून लोक नाकं मुरडतात, पण मला ती शहाणपणाची वाटली. भाग कमी, फेरे कमी, ताण कमी. शिवाय याच घराण्यातली इंजिनं ट्रकांत बसतात, त्यामुळे सुटे भाग आणि मेकॅनिक गावोगाव. आतलं प्लॅस्टिक मात्र अगदीच हलकं. आणि अमेरिकन इंजिनं सगळी निर्धोक असंही नाही. २००६ ते २०१३ च्या झेड-झिरो-सिक्समधल्या सात लिटरच्या इंजिनात व्हॉल्व्हचे गाइड झिजण्याच्या तक्रारी फार गाजल्या.

गंमत अशी, की कॉर्व्हेट नावारूपाला आणणारे इंजिनिअर झोरा आर्कस-डुंटोव्ह १९५४ आणि ५५ साली ल मान्सच्या शर्यतीत धावले ते पोर्शेतून, आणि दोन्ही वेळा आपल्या गटात पहिले आले. अमेरिकन कंपनीत नोकरीला असताना!

जाऊबाईंना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी भाऊजींना एकच अट घातली : बेअरिंग बदलल्याची पावती आणि सर्व्हिसची संपूर्ण वही दाखवणारा विकणारा भेटला तरच पोर्शे, नाहीतर कॉर्व्हेट. भाऊजी अजून पावती शोधताहेत.