घराण्याचे गुडघे

वडिलोपार्जित मिळकतींत घर, शेत, दागिने यांची नोंद होते; गुडघ्यांची होत नाहीं. परंतु आमच्या घराण्यांत आजीकडून आईकडे आणि आईकडून आम्हां भावंडांकडे वाटणीचा तंटा न होतां जी एक वस्तु चालत आली, ती हीच. “आमच्या घरचे गुडघेच असे,” हें वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलों, आणि “मग माझेही तसेच होणार का?” असें मुलीनें विचारतांच त्याचा अर्थ तपासून पाहणें आम्हांस भाग पडलें.

आजीच्या म्हणण्यांत तथ्य आहे, यांत शंका नाहीं. इंग्लंडांत जुळ्या बहिणींच्या हातांचीं व गुडघ्यांचीं क्ष-किरण-चित्रें तपासून १९९६ सालीं संशोधकांनीं असें अनुमान काढलें, कीं कूर्चा झिजून होणाऱ्या या संधिवाताच्या बाबतींत स्त्रियांस्त्रियांमध्यें जो फरक दिसतो, त्याचा ३९ ते ६५ टक्के भाग आनुवंशिक असतो. पुढें २००७ सालीं जपानी संशोधकांनीं सांध्याच्या घडणीशीं संबंध असलेल्या जीडीएफ-५ या जनुकांतील एक भेद दाखवून दिला. असे भेद अनेक आहेत, व प्रत्येकाचा भार थोडाथोडा आहे.

मात्र टक्क्यांचा हा हिशेब समुदायाचा होय. अमुक मुलीचे गुडघे झिजणारच, असें भविष्य तो वर्तवीत नाहीं. उलट, अमेरिकेंतील फ्रेमिंगहॅमच्या पाहणींत असें आढळलें, कीं दहा वर्षांत सुमारें पांच किलो वजन उतरलेल्या स्त्रियांत या दुखण्याचा संभव निम्म्याहूनही अधिक घटला. ही गोष्ट १९९२ सालीं प्रसिद्ध झाली.

वाडवडिलांकडून जनुकांबरोबर समजुतीही येतात. घराण्याचेंच दुखणें म्हणून आजी ओसरीवर बसली ती कायमची. चालणें सुटलें, मांड्यांचे स्नायू गळाले, आणि त्यांनीं पेलावयाचा भार झिजलेल्या सांध्यावर पडला. आईनेंही तिचाच कित्ता गिरविला. यांत रक्तानें काय दिलें आणि उदाहरणानें काय दिलें, याची वांटणी आज कोण करणार?

मुलीस आम्ही इतकेंच सांगितलें, कीं ही मिळकत नाकारतां येत नाहीं. तिच्यावरचें कर्ज वाढूं द्यावयाचें कीं नाहीं, हें मात्र पुष्कळ अंशीं वारसाच्या हातीं असतें. साठी उलटल्यावर आम्हीही रोज सकाळीं चालूं लागलों आहों. गुडघे दुखतातच. पण पुढें कधीं तिनें आपल्या मुलांस “आमच्या घरचे गुडघे” म्हणून सांगितलें, तर निदान एक तरी माणूस तिला चालतांना आठवावें, एवढीच इच्छा आहे.