बोरघाट आणि विजेची मोटार

बोरघाटाने वाहनांचे सगळे अवतार पाहिले आहेत. आधी ओझ्याचे बैल. मग १८३० साली गव्हर्नर माल्कमने गाडीरस्ता खुला केला, १८६३ साली आगगाडी आली आणि तिच्यामागून मोटारी आल्या. पुण्या-मुंबईच्या माणसाच्या मोटारीची परीक्षा अजूनही याच घाटात होते. कोणी नवी गाडी घेतली की पहिला प्रश्न ‘किती देते?’ आणि दुसरा ‘घाटात दमत नाही ना?’

हे दोन्ही प्रश्न विजेच्या मोटारीला विचारण्याची पाळी यंदा माझ्यावर आली. आमच्या पेट्रोलच्या गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी दिवाळीनंतर संपते आहे. नवी घ्यायची तर पेट्रोलची की विजेची, यावरून घरात दोन तट पडले. भाच्याकडे विजेची गाडी आहे. ती त्याने दोन दिवस हवाली केली आणि म्हणाला, “मामा, कागदावरचे हिशेब पुरे. एकदा घाट उतरून, चढून या.” गिरगावातून आईला दिवाळीसाठी आणायचे होतेच. आईचे वय ब्याऐंशी. तिला वाटेत ताटकळत ठेवणारी गाडी आमच्या दारात येणे शक्य नव्हते, तेव्हा परीक्षा खरीखुरी होती.

गाडीची बॅटरी ४० युनिटची. हे युनिट म्हणजे आपल्या वीजबिलातले युनिट तेच. भाच्याने रात्रभर घरच्या जाड पिनेच्या प्लगला लावून ती काठोकाठ भरली होती. ‘किती देते’चे उत्तर, एका युनिटला सहा-साडेसहा किलोमीटर. लोणावळ्याला पोहोचलो तेव्हा बॅटरी १०० वरून ७४ टक्क्यांवर आली होती. पुढे घाट सुरू झाला.

उतारावर गंमत आहे. पाय उचलला की मोटर उलटे काम करू लागते. चाके तिला फिरवतात, ती वीज तयार करते आणि बॅटरीत परत भरते. पेट्रोलची गाडी हीच शक्ती ब्रेक तापवण्यात घालवते. खोपोलीकडे उतरणाऱ्या जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचे देऊळ लागते. घाटाची वाट साहेबाला दाखवली ती या धनगराने, अशी कथा आहे. ड्रायव्हर मंडळींच्या रिवाजाप्रमाणे आम्हीही नाणे वाहिले. खोपोलीत काटा पाहिला तर ७५! डोंगर उतरून आलो आणि खर्च होण्याऐवजी पदरात एक टक्का पडला.

खोपोलीला हे नवल वाटायचे कारण नाही. लोणावळ्याच्या वरच्या तलावांचे पाणी याच कड्यावरून नळांतून खाली आणून टाटांनी १९१५ साली येथे वीज निर्माण केली आणि मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालल्या. पाण्याचे काम आणि आमच्या गाडीचे काम तत्त्वाने एकच. उंचीवरून उतरताना जे हाती लागते, त्याची वीज करायची. घाटातली आगगाडी तर १९३० च्या सुमारासच विजेवर धावू लागली. हे सारे पाहिल्यावर मोटारच मागे राहिली होती असे म्हणावे लागते.

गिरगावात पोहोचलो तेव्हा ४५ टक्के शिल्लक होती. खरी अडचण येथे सुरू झाली. भावाचे बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर, गाडी रस्त्याच्या कडेला. मीटरपासून गाडीपर्यंत वायर सोडायची म्हटले तर ती तीन बिऱ्हाडांच्या गॅलऱ्या आणि एक दुकान ओलांडून न्यावी लागेल. गाडी रात्रभर नुसती उभी राहिली. पेट्रोलची गाडी रात्री काही खात नाही. विजेच्या गाडीचे जेवण मात्र रात्रीचेच, आणि ते मिळाले नाही तर सकाळी हिशेब बिघडतो.

आई गाडीत बसली. गाडी निघाली तरी आवाज नाही, म्हणून तिने दोनदा विचारले, “अरे, सुरू झाली का?” घाटापाशी पोहोचेपर्यंत बॅटरी १७ टक्क्यांवर आली. चढणीचे गणित साधे आहे. माणसांसकट पावणेदोन टन वजन पाचशे मीटर वर न्यायचे, त्याला अडीच युनिटे, आणि रस्ता कापायला आणखी अडीच. आमच्याकडे युनिटे होती सात. चढ कदाचित निभावला असता, पुढचे पुणे नाही.

वाटेतल्या एका उपाहारगृहाच्या आवारात दोन यंत्रे होती. एकावर ‘बंद आहे’ अशी चिठ्ठी, दुसऱ्यापुढे दोन गाड्या. चाळीस मिनिटे थांबलो, मग अर्धा तास गाडी भरली. ५५ टक्के झाली आणि युनिटमागे बावीस रुपये पडले. आईने बटाटेवडा खाल्ला, शेजारच्या गाडीतल्या आजीबाईंशी माहेरची ओळख काढली आणि निर्णय दिला, “एस.टी.सुद्धा थांबतेच की! पण मेली ती वेळेवर निघते.”

घाट मात्र गाडीने असा चढला की गिअर बदलण्याची घरघर नाही, दम लागणे नाही. लोणावळ्यात ४२, पुण्यात घरी १७.

आता हिशेब. शंभर किलोमीटरला आमची जुनी गाडी सुमारे सातशे रुपयांचे पेट्रोल पिते. विजेची गाडी घरी भरली तर दोनशेच्या आत-बाहेर, रस्त्यावर भरली तर साडेतीनशे. खरेदीच्या वेळी ती महाग पडते. रोज चाळीस किलोमीटर जाणाऱ्याला तो फरक काही वर्षांत वसूल होईल. आठवड्यातून एकदा मंडईत जाणाऱ्याला होणार नाही. बॅटरीची हमी बहुतेक कंपन्या आठ वर्षांची देतात. आपल्या राज्याची वीज अजून मुख्यतः कोळशाची आहे, तेव्हा धूर नाहीसा होत नाही, गल्लीतून उठून औष्णिक केंद्राच्या धुराड्याला जातो. पण मुलांच्या नाकाशी तो राहत नाही, हेही थोडे नव्हे. टोलमाफीही पुणे-मुंबई द्रुतगती मार्गासाठी २०२५ च्या धोरणात जाहीर झाली आहे.

एवढ्यावरून मला कळले ते असे: घाट हा आता प्रश्न उरलेला नाही. प्रश्न आहे रात्रीचा. जिच्या उशाशी प्लग आहे तिला पुणे-मुंबई सोपी; जी रस्त्यावर झोपते तिच्या मालकाने सध्या पेट्रोलचीच घ्यावी, त्यात कमीपणा नाही. घरोघरी नळ येण्याआधी पाणी होतेच, पण ते कोणाच्या अंगणात आणि कोणाला रांगेत, यात फरक होता.

आमच्या सोसायटीत चौदा गाड्या आणि मीटरच्या खोलीपासून माझ्या जागेपर्यंत अठरा मीटर अंतर. स्वतःच्या मीटरवरून, स्वतःच्या खर्चाने वायर टाकण्याचा अर्ज मी दिला आहे. तळमजल्याच्या काकांना आगीची भीती वाटते. ती रास्त आहे, म्हणून परवानाधारक इलेक्ट्रिशियनचा दाखला अर्जाला जोडला. सभा भाऊबीजेनंतरच्या रविवारी आहे. गाडीची निवड त्यानंतर.