गाविलगडच्या डोंगरावर एक दिवस

सहल म्हटली की आपल्या वस्तीत नागपूरची दीक्षाभूमी किंवा वेरूळ-अजिंठ्याची लेणी आठवतात. थंड हवेचे ठिकाण हे साहेबलोकांचे, तेथे आपले काय काम, अशी एक समजूत घराघरांत आहे. ती मोडावी म्हणून मुलांची सहामाही परीक्षा संपल्यावर आम्ही पूर्णेतील सहा कुटुंबांनी चिखलदऱ्याचा बेत केला. चार महिने थोडे थोडे पैसे बाजूला टाकले, भाकरी-ठेचा बांधून घेतला आणि रात्रीच्या गाडीने अकोल्याकडे निघालो.

वाटेत हिंगोली लागते. निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली हैदराबाद कंटिन्जंट नावाची फौज होती. तिची एक छावणी या हिंगोलीत होती. या फौजेच्या पगाराची बाकी थकली म्हणून निजामाने १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. फौज साहेबांची, देणे मात्र वऱ्हाडच्या कुणब्या-मजुरांनी फेडले.

अकोल्याहून ठरवलेल्या गाडीने अकोट, अंजनगाव सुर्जी करीत पुढे गेलो. अंजनगाव तालुक्यातील शेंडगाव हे संत गाडगेबाबांचे जन्मगाव. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती सोपवली, ही गोष्ट गाडीतच मुलांना सांगितली. परतवाडा सोडले की घाट सुरू होतो. चिखलदरा सुमारे अकराशे मीटर उंचीवर आहे. पूर्णेच्या उन्हात वाढलेली आमची लेकरे धुके पाहून हरखून गेली. बायामाणसांनी आयुष्यात पहिल्यांदा कॉफीचे झाड पाहिले. इंग्रजी अमदानीत आलेली कॉफी तेथे आजही पिकते.

जवळच गाविलगड किल्ला आहे. बहामनी काळात बांधलेला हा किल्ला १५ डिसेंबर १८०३ रोजी जनरल वेलस्लीच्या फौजेने नागपूरकर भोसल्यांकडून जिंकला. हाच वेलस्ली पुढे १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनशी लढला. १८५८ साली, उठावाच्या धामधुमीत, बंडवाल्यांना आसरा मिळू नये म्हणून इंग्रजांनी किल्ला निकामी केला. आज तेथे पडके तट, तलाव आणि गवतात लोळणाऱ्या तोफा आहेत. ज्या तोफांना माणसे घाबरत, त्यांवर बसून आमची मुले भाकरी खात होती.

चिखलदऱ्याचा शोध १८२३ साली कॅप्टन रॉबिन्सन याने लावला, असे सगळीकडे सांगतात. ते ऐकून आमच्यातली आठवीतली एक मुलगी म्हणाली, "काका, मग इथले लोक तेव्हा कुठे गेले होते?" प्रश्न बिनतोड होता. कोरकू आदिवासी कितीतरी आधीपासून या डोंगरात राहतात. त्यांच्या पायवाटांनीच साहेब वर चढला असणार. ज्याच्या हाती लेखणी, त्याचे नाव पाटीवर चढते. लेकरांनी शिकले पाहिजे ते यासाठीही.

साहेब गेले, पण कोरकूंचे प्रश्न राहिले. १९७४ साली मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला. वाघ वाचलाच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. पण जंगलातली काही गावे उठवून बाहेर वसवली गेली. १९९३ पासून मेळघाटातील बालमृत्यूंच्या बातम्या साऱ्या महाराष्ट्राने वाचल्या. दुसरी बाजूही आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली अमरावती जिल्ह्यातल्याच पायविहीर या गावाने २०१२ साली सामूहिक हक्क मिळवला, उजाड रान राखले आणि तिथली सीताफळे एकजुटीने बाजारात नेली. कायदा पुस्तकात होताच, गावाने तो कागदपत्रे जमवून हातात घेतला.

परतताना मुलांना आणखी एक गंमत सांगितली. या डोंगराच्या दक्षिण उतारावरचे पाणी ज्या नदीला मिळते, तिचेही नाव पूर्णाच. ती तापीला जाते, आपली पूर्णा गोदावरीला.

ज्यांना जायचे असेल त्यांनी स्वेटर विसरू नये आणि मुक्काम टाळायचा तर अंधार पडण्यापूर्वी घाट उतरावा. आणि मुलांना पाट्या जरूर वाचायला लावाव्यात. पाटीवर कोणाचे नाव नाही, हेही त्यांना विचारावे.