अर्थ येत नाही

गेल्या पावसाळ्यात गोव्याहून बेळगावकडे परतताना चोर्ला घाटात माझ्या जुन्या जीपचे पुढचे दिवे अकस्मात फडफडू लागले. बॉनेटखालून टक् टक् असा आवाज येई आणि प्रत्येक आवाजासरशी समोरचा रस्ता दिसे व नाहीसा होई. अप्पर-डिप्पर दोन्हींची तीच गत. बाहेर दाट धुके, मागच्या आसनावर मुले झोपलेली. एका ट्रकच्या तांबड्या दिव्याचा माग धरून कणकुंबीपर्यंत अक्षरशः रांगत आलो.

दिवे मंद पडतात म्हणून वर्षभरापूर्वी मी त्यांची वायरिंग रिलेमधून करून घेतली होती. ५५ वॅटचे दोन दिवे म्हणजे १२ व्होल्टला नऊ अँपिअरहून अधिक प्रवाह. तो जुन्या स्विचमधून न नेता, स्विचने केवळ रिलेची गुंडाळी चेतवायची आणि मोठा प्रवाह बॅटरीकडून थेट दिव्यांना द्यायचा, अशी ही योजना. रिलेच्या पायांवर आकडे असतात: ३० वर बॅटरी, ८७ वरून दिवे, ८६ वर स्विच, ८५ वर अर्थ. हे आकडे जर्मन मानकातले. त्यांना मराठी-कन्नडचे सोयरसुतक नाही, म्हणूनच की काय आमच्या भागात ते बिनतक्रार नांदतात.

दोन गॅरेजांत दोनदा रिले बदलला. पैसे गेले, दोष राहिला. तिसऱ्या ठिकाणच्या वृद्ध मिस्त्रींनी रिलेला हातही लावला नाही. इंजिन चालू ठेवून, दिव्यांचा स्विच दाबून त्यांनी मीटरची काळी तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि तांबडी ८५ ला लावली. तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवे. दिसले साडेसहा व्होल्ट. बॅटरीच्या पावणेचौदातले उरलेले सव्वासातच गुंडाळीच्या वाट्याला येत होते. तेवढ्यावर रिले धड पकडत नाही, धड सोडत नाही. मिस्त्री हाताखालच्या पोराला म्हणाले, "अर्थ इल्ल नोडो." मग माझ्याकडे वळून, "अर्थच येत नाही की हो, सर!"

दोन्ही रिलेंच्या ८५ च्या वायरी एकाच स्क्रूखाली, रंग न खरवडता, पत्र्यावर आवळलेल्या होत्या. पावसाने गंज धरला होता. मिस्त्रींनी पत्रा पांढरा होईपर्यंत घासला, नवे लग दाबून बसवले, वर ग्रीस फासले. वीस मिनिटांचे काम. मीटर शून्याला टेकले.

मी चळवळीतला माणूस. सीमाभागात मराठीतून तांत्रिक शिक्षण मिळत नाही, हे गाऱ्हाणे मी किती व्यासपीठांवरून मांडले असेल! तेव्हा त्या पोरासाठी रिलेच्या जोडणीचा एक मराठी तक्ता करून देण्याचे मी उत्साहाने कबूल केले आणि ८५ समोर लिहिले: भूसंपर्क. मिस्त्रींनी चष्मा लावून वाचले. म्हणाले, "सर, गाडी रबरावर उभी आहे. भुईचा संबंध काय?"

मला उत्तर सुचेना. वस्तुतः इंग्रजी 'अर्थ' या शब्दातही तीच चूक आहे. पण इथे ती कोणाच्या कानी पडतच नाही. जो शब्द गॅरेजात रुळला आहे, तो मराठी कानाला आपला वाटतो आणि कन्नड कानालाही. 'अर्थ आगलिल्ल' म्हणजे 'कळले नाही', हे त्या पोराला कोणी शिकवावे लागत नाही. परक्या शब्दाला आपल्या जुन्या शब्दाचे रूप आयते मिळावे, असे भाग्य क्वचित. आणि तो हुसकून तिथे नवा शब्द बसवायला मी निघालो होतो!

मी भूसंपर्क खोडून अर्थ लिहिले. 'गुंडाळी'वर मात्र मी अडून बसलो, मिस्त्री 'कॉइल'वर. शेवटी तक्त्यात दोन्ही शब्द राहिले. आता त्यांनी हॉर्नच्या रिलेचाही तक्ता मागितला आहे.