सहा चटयांचं घर

आमच्या पुतण्याने जपानात, ओसाकाला घर घेतलं, ही बातमी प्रताप नगरातल्या आमच्या गल्लीत पसरायला अर्धा तास लागला. त्यातली वीस मिनिटं आईला जिना उतरायला लागली.

घर म्हणजे एकच खोली. तिथे खोली चटयांत मोजतात. त्या चटईला म्हणायचं ताटामी. पुतण्याची खोली सहा चटयांची. एक चटई साधारण साडेसतरा चौरस फुटांची, म्हणजे झाले 105. मी पडलो बँकेतला कारकून. बेरीज दोनदा तपासली. बरोबर निघाली.

आईचा हिशेब निराळा. तिने फोनवर विचारलं, "सहा चटयांत पंगतीला किती जण बसतील रे?"

"आजी, इथे मी एकटाच जेवतो."

त्या रात्री आईने अर्धीच पोळी खाल्ली.

जपान्यांची ही हौस जुनी. टोकियोत 1972 साली किशो कुरोकावा या वास्तुशिल्पकाराने नाकागिन कॅप्सूल टॉवर बांधला. त्यात 140 खोल्या, प्रत्येक जेमतेम शंभर चौरस फुटांची, पलंग-न्हाणीसकट. 2022 साली तो उतरवला. पण हसायची माझी काय बिशाद! घरमालकाने आमचं चाळीस वर्षांचं बिऱ्हाड हलवायला सांगितलं होतं, आणि माझ्या पगाराला मागच्या गल्लीतली जुनी वन-आर-केच झेपत होती.

दलाल म्हणाला, "साडेचारशे फूट आहे साहेब." मी टेप लावली, भरली 280. "बाकीची 170 कुठे गेली?"

"ते सुपर बिल्ट-अप. जिना, लिफ्ट, भिंती, वॉचमनची खुर्ची..."

बी.कॉम.ला 'गुडविल' नावाचा प्रकार शिकलो होतो : डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही, पण पैसे मोजावे लागतात. तो वीस वर्षांनी असा जिन्यात भेटला. वास्तविक 2016 च्या रेरा कायद्याने नव्या प्रकल्पांत घर चटई क्षेत्रावरच विकायचं ठरवलं आहे. चटई क्षेत्र म्हणजे बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी वगळून आत वापरता येते ती जागा. म्हणजे आपलीही चटईच. फक्त आपल्याकडे ती अंथरायला कायदा लागतो.

"कूलर कुठे लावाल?" बायकोने विचारलं. नागपूरच्या मे महिन्यात हा प्रश्न देवघराच्या आधी येतो. खिडकी एकच. कूलर लावला की उजेड गेला.

आई मात्र काही न बोलता आत गेली. सोबत आणलेली सतरंजी अंथरली, टोकं ओढून सरळ केली आणि भिंतीला टेकून बसली.

"आठ जण जेवतील," ती म्हणाली. "नववा आला तर मी मागून बसेन."

"आई, मागून मी बसेन," बायको म्हणाली.

दलाल माझ्याकडे पाहत होता. मी टेप गुंडाळून खिशात घातली आणि बयाण्याचा चेक लिहायला घेतला. करारनाम्यात बिल्ट-अप, सुपर बिल्ट-अप असे सगळे रकाने होते. पंगतीचा तेवढा नव्हता.

रात्री पुतण्याला फोन लावला. आईने फोन हिसकावून घेतला. "हे बघ, आठ जणांची जागा आहे. आम्ही तिघंच आहोत. दिवाळीला ये."