छ कुठे गेला?

"ताई, यातला छ कुठे गेला?"

मुलगा चिडलेला नव्हता, आवाजही चढवला नव्हता. म्हणूनच माझ्या पोटात गोळा आला. पेशवाईतल्या कागदपत्रांवरचा त्याचा प्रबंध मी टाइप करून दिला होता. शेवटी परिशिष्टात मोडी पत्रांची देवनागरी लिप्यंतरं होती, साठेक पानं. त्यात तारखेच्या आधी जागोजागी एक सुटा 'छ' लोंबकळत होता. कच्च्या प्रतीत चुकून पडला असणार, असं मीच ठरवलं आणि सगळीकडून उडवला. तेवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण मी 'दिल्हे'चं 'दिले' केलं, 'जाहाले'चं 'झाले', 'येविसी'चं 'याविषयी'. ऱ्हस्वदीर्घ तर ओळीओळीला सुधारले. पोरगं हुशार आहे पण शुद्धलेखन कच्चं दिसतंय, आपण सांभाळून घेऊ, अशी माझी समजूत. त्याचे जास्तीचे पैसेही लावले नव्हते!

छ म्हणजे चंद्र. 'छ ७ सफर' म्हणजे सफर महिन्याचा सातवा चंद्र, सातवी तारीख. मी साठ पानांतल्या पत्रांचे चंद्र पुसून टाकले होते. आणि मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळतच नाहीत. तेव्हा कारकुनाने जसं लिहिलं तसंच उतरवायचं, हा त्या अभ्यासातला पहिला धडा. मी ओशाळून म्हटलं, "अहो, पण इतक्या चुका..." तो म्हणाला, "चुका माझ्या नाहीत, कारकुनाच्या आहेत. आणि मी त्या कारकुनावरच पीएचडी करतोय."

प्रबंध सादर करायला चार दिवस उरले होते. दोन रात्री बसून सगळं पुन्हा बसवलं. सदाशिव पेठेतल्या माझ्या दहा बाय बाराच्या खोलीत मला त्या दोन रात्रींत जे कळलं, ते आधीच्या दहा वर्षांत कळलं नव्हतं.

मी १९८४ पासून हे काम करते. टायपिंगच्या क्लासात मराठी चाळीस शब्दांची परीक्षा दिली, मग इंग्रजीची दिली, आणि एका मैत्रिणीच्या वहिनीचा प्रबंध पहिलं काम म्हणून हातात आला. पाच प्रती, मध्ये चार कार्बन. पाचवी प्रत धुक्यातून वाचावी अशी. अल्फा-बीटा यायचे तिथे जागा सोडायची आणि रात्री रोट्रिंगच्या पेनाने हाताने भरायचे. पुढे संगणक आला, श्री-लिपी आली, आता युनिकोड. माझ्या टेबलावरून काय काय गेलं म्हणून सांगू! उसाची हुमणी, शाळागळती, सिमेंटला पडणाऱ्या भेगा, महानुभावांचं गद्य, देवराया, सहकारी बँकांची थकबाकी, वटवाघळांचा आवाज. सगळे शेजारी शेजारी फोल्डरमध्ये, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. सगळ्यांत सारखं पान एकच, ऋणनिर्देशाचं. तिथे भौतिकीवालाही आईवडिलांपाशी येऊन थांबतो. सुबक टंकलेखनाबद्दल माझेही आभार असतात, आणि एकदा त्या ओळीत मी माझंच आडनाव चुकवलं आहे.

मजकूर मला कळतो असं नाही. माझ्या वाट्याला शब्द येतात, अर्थ मागे राहतो. पण चाळीस वर्षं शब्द हाताखालून गेले की एक गोष्ट कळायला लागते: त्या शास्त्रात चूक कशाला म्हणतात. ते दर ठिकाणी वेगळं असतं.

हुमणीवर प्रबंध लिहिणाऱ्या मुलीने शिकवलेलं सांगते. पहिला वळीव पडला की हुमणीचे भुंगेरे जमिनीतून वर येतात आणि तिन्हीसांजेला कडुलिंबा-बाभळीवर जमतात. फांद्या हलवून ते गोळा करायला ती स्वतः शेतात कंदील घेऊन उभी राहिलेली. तिच्या प्रबंधात किड्याचं शास्त्रीय नाव, होलोट्रिकिया सेराटा, तिरप्या ठशात होतं आणि पुढे फॅब्रिशियस हे नाव कंसात. मला वाटलं कंस कशाला, काढू का? ती जवळजवळ ओरडलीच. फॅब्रिशियस या डॅनिश माणसाने अठराव्या शतकात या भुंगेऱ्याचं नामकरण केलं, तेव्हा तो दुसऱ्या प्रजातीत घातला होता. नंतर कुणीतरी त्याला तिथून उचलून इथे आणलं. हा सगळा इतिहास त्या कंसात आहे. कंस नसेल तर किडा पहिल्यापासून याच घरचा, असा अर्थ होतो. स्थलांतराचा दाखला दोन अर्धवर्तुळांत! वनस्पतीवाल्यांचा नियम पुन्हा निराळा. सागाच्या शास्त्रीय नावापुढे 'एल. एफ.' असतं. नुसता 'एल.' म्हणजे लिनियस, 'एफ.' लागला की त्याचा मुलगा. माझ्या हातून तो एफ गळला, तर मुलाची कमाई बापाच्या खात्यावर जमा.

रसायनवाल्यांचा जीव शून्यात. २.५ आणि २.५० माझ्या लेखी एकच. त्यांच्या लेखी दुसरा आकडा चांगल्या तराजूवरचा. बोलींवर काम करणाऱ्यांकडे 'पानी', 'लोनी' असंच ठेवायचं. डॉ. घाटगे यांनी मराठीच्या बोलींची पाहणी केली, तिच्यातला सगळा ऐवज शाळामास्तरांच्या लाल पेन्सिलीखाली एका दुपारी नाहीसा झाला असता.

आणि खोडद. नारायणगावजवळच्या त्या रेडिओ महादुर्बिणीचे ४५ मीटर व्यासाचे ३० अँटेना आहेत, गोविंद स्वरूप यांनी तारेच्या जाळीतून उभे केलेले. तिथल्या विदेवर काम करणाऱ्या एका मुलाच्या प्रबंधात अख्खं प्रकरण कचरा काढण्यावर होतं. मोबाइल, विजेच्या तारा, गाड्यांचे स्पार्क, सगळा माणसांचा गोंगाट गाळायचा आणि उरेल ते आकाशाचं. मी विचारलं, गाळताना आकाशच गाळलं गेलं तर? तो हसला आणि त्याने जान्स्कीची गोष्ट सांगितली. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत या इंजिनिअरला काम दिलं होतं की समुद्रापलीकडच्या रेडिओ-टेलिफोनमध्ये खरखर कुठून येते ते शोध. वीजवादळांची खरखर त्याने ओळखली. एक बारीक फुसफुस मात्र उरली. ती रोज वर-खाली व्हायची, पण २४ तासांनी नाही, २३ तास ५६ मिनिटांनी. दिवस सूर्याचा असतो, हे चार मिनिटं तोकडं चक्र ताऱ्यांचं. फुसफुस आकाशगंगेची होती. मी असते तर २३ तास ५६ मिनिटांचे २४ केले असते, आणि टेबल सुबक दिसलं असतं.

छच्या प्रकरणानंतर मी भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती मुद्दाम जाऊन पाहिली. १९१९ ला काम सुरू झालं, १९६६ ला पुरं झालं. १२५९ हस्तलिखितं तपासली. वर श्लोक आणि खाली तळटिपांत पाठभेदांचं रान. मला ते पान ओळखीचं वाटलं. तिचे संपादक सुकथनकर आणि त्यांचे सहकारी सत्तेचाळीस वर्षं ज्यांच्या मागावर होते, ते माझेच जातभाई. नकलनवीस. ज्यांना शब्द कळला नाही म्हणून त्यांनी सोपा घातला. ज्यांना वाटलं, पोथीवाल्याचं व्याकरण कच्चं आहे, सांभाळून घेऊ. पाठचिकित्सेचा एक नियमच असा आहे की दोन पाठांत जो अवघड, तो बहुधा जुना. कारण नकलनवीस अवघडाचं सोपं करतो, सोप्याचं अवघड सहसा करत नाही. आणि दोन पोथ्यांत नेमकी तीच चूक सापडली, तर त्या एका मुळातून उतरलेल्या. बरोबर शब्द दोघांचे जुळले तर त्याने काहीच सिद्ध होत नाही; चूक जुळली की नातं ठरतं. जुने नकलनवीस पोथीच्या शेवटी लिहून ठेवत की पाठ मोडली, मान मोडली, पोथी जपा. आणि हेही की समोर होतं तसं उतरवलं, दोष मला देऊ नका. पहिलं गाऱ्हाणं माझंही आहे. दुसरं म्हणायचा हक्क मी त्या साठ पानांत गमावला.

दामोदर धर्मानंद कोसंबींचं नाव मला तीन वेगळ्या प्रबंधांच्या संदर्भसूचीत टाइप करावं लागलं, म्हणून कुतूहल वाढलं. आधी वाटलं, तीन निरनिराळी माणसं असतील. गोव्यात जन्मलेला, फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणारा हा एकच माणूस. भर्तृहरीच्या पोथ्या लावून त्याने १९४८ साली चिकित्सक आवृत्ती काढली. आहत नाणी तराजूवर घालून तोलली. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं, आणि तक्षशिलेच्या नाण्यांवर मागच्या बाजूचे ठसे जितके जास्त तितकं वजन कमी, हे दाखवलं. नीट पडताळा घ्यायला चलनातली साधी नाणीही हजारोंनी तोलली. आणि १९४४ साली जनुकांमधलं अंतर मोजायचं एक सूत्र दिलं, जे आजही त्याच्या नावाने वापरतात. शास्त्रं तीन, एकमेकांशी बोलणंचालणं नाही. पण टाइप करणाऱ्या बाईला त्यात एकच प्रश्न दिसतो, गणितज्ञांनी हसू नये: एका हातातून दुसऱ्या हातात जाताना वस्तूचं काय होतं? पोथीत पाठभेद पडतात, नाणं झिजतं, आईबापांकडून पोरांत जाताना जनुकांची अदलाबदल होते. ती झीज, ती गडबड मोजली की किती हात लागले, किती अंतर आहे ते कळतं. त्यांनी बिघाडच मोजपट्टी म्हणून वापरला.

हल्ली वेगळ्याच गिऱ्हाइकांची ये-जा आहे. २०१८ च्या नियमांपासून मजकुराचं साम्य दहा टक्क्यांच्या आत लागतं, आणि सॉफ्टवेअर तो आकडा काढून देतं. मग मुलं येतात, "काकू, जरा शब्द बदलून द्या ना." एकाच्या सांख्यिकीच्या प्रकरणात कुठल्याशा दुकानाने 'सिग्निफिकंट'च्या जागी सगळीकडे 'इम्पॉर्टंट' घालून दिलं होतं. टक्के उतरले, आणि त्याबरोबर प्रकरणही. कारण तिथे सिग्निफिकंट म्हणजे महत्त्वाचं नव्हे; निव्वळ योगायोगाने असं घडण्याची शक्यता ठरावीक मर्यादेखाली आहे, एवढंच. उचलेगिरी वाईटच, पण पारिभाषिक शब्द हे काही कुणाच्या घरातले पडदे नव्हेत, पाहुणे आले की बदलायला. असं काम मी घेत नाही. दोन गिऱ्हाइकं त्यावरून तुटली, तुटू देत.

संगणकही आता मागायच्या आधी सुधारून देतो. 'दिल्हे' लिहिलं की खाली लाल नागमोडी रेघ. मी ती सोय पहिल्या दिवशीच बंद करते, आणि प्रूफ कागदावर काढून पट्टी लावून ओळ ओळ वाचते. डोळे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत, तरी.

तेव्हा प्रबंध टाइप करायला देणाऱ्यांना एवढीच विनंती. कुणाकडेही द्या, पण कच्च्या प्रतीत जिथे चूक मुद्दाम ठेवली आहे, तिथे समासात पेन्सिलीने बारीक फुली मारून द्या. आणि फाइलच्या नावात 'फायनल' लिहू नका. आजवर एकही निघालेली नाही.